पाण्याकडचं तोंड, जंगलाकडचं तोंड

मोबाइलच्या टॉवरांवर जे अँटेना असतात त्यांचं काम मी भोपाळमध्ये केलं, असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. बायकांना वर चढू देतात का, आणि त्याने डोकं दुखतं का. चढले मीही आहे, पण माझं काम चढण्याचं नव्हतं. अँटेना किती उंचीवर लावायचा, कोणत्या दिशेला तोंड करून, किती खाली वाकवून, हे ठरवायचं. आणि लावल्यावर तो ठरल्याप्रमाणे वागतो की नाही ते गाडीत फोन मांडून गल्लोगल्ली फिरून पाहायचं. डोकेदुखीच्या प्रश्नावर मी "कधीपासून दुखतंय?" असं विचारते आणि मग तासभर टॉवरचा विषय निघत नाही.

एकदा शाहपुऱ्यातल्या एका इमारतीवरून तक्रार आली की अर्ध्या कॉलनीत फोन लागेनासे झालेत. जाऊन पाहते तर गच्चीवरचा अँटेना सोन्यासारखा झळकत होता. खाली मंगल कार्यालय होतं. मालकाच्या मुलीचं लग्न, गच्चीवर रोषणाई, आणि त्यात हे मळकट पांढरं खोकं त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. त्यांनी पेंटर बोलावून त्याला सोनेरी रंग दिला. रंगात धातूची भुकटी होती. म्हणजे दिव्यासमोर पत्रा ठोकावा तसं झालं. मी समजावलं तेव्हा ते फार नम्रपणे म्हणाले, "मैडम, हमने तो सोचा ये डब्बा है. इसके अंदर भी कुछ होता है, हमको क्या मालूम."

त्यांचं चुकलं नव्हतं. ते दिसतंच तसं. टॉवरवर लोकांचं लक्ष आधी जातं ते गोल ढोलकीसारख्या तबकड्यांकडे, आणि नेटवर्क तेच देतात अशी समजूत असते. त्यांचा तुमच्या फोनशी संबंध नसतो. त्या एका टॉवरने दुसऱ्या टॉवरशी बोलण्यासाठी असतात, अगदी नेम धरून, दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहावं तसं. तुमच्या-माझ्या फोनशी बोलतात त्या उभ्या, अरुंद, फळीसारख्या पेट्या. त्यांना आम्ही पॅनेल म्हणतो. पूर्वी लहान गावांत पॅनेलऐवजी एकच बारीक काठी उभी असायची. अंगणाच्या मधोमध बल्ब लावावा तशी ती चारी बाजूंना सारखी पसरायची. पॅनेल म्हणजे बॅटरीचा झोत. तो एका बाजूलाच पडतो, म्हणून टॉवरवर तीन दिशांना तीन तोंडं करून पॅनेल लावतात आणि मुलखाचे तीन वाटे करतात. प्रत्येक तोंडाला स्वतःचा नंबर असतो. तुमचा फोन ज्या वाट्यात असेल त्या तोंडाचा नंबर त्याला ऐकू येत असतो. मोठ्या हॉस्पिटलांत छताला उपड्या वाटीसारखं काहीतरी चिकटलेलं असतं, तोही अँटेनाच. आणि आता जी जाडजूड खोकी येताहेत त्यांच्या पोटात बारीक बारीक अँटेनांच्या रांगा असतात. खोकं जागचं हलत नाही, पण आतला झोत तुम्ही चालाल तसा तुमच्याबरोबर फिरतो. इतकी वर्षं या धंद्यात राहूनही ते पहिल्यांदा चालू झालेलं पाहिलं तेव्हा मी पडद्यासमोरून उठले नव्हते.

पण या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त थक्क करतं ते बोलणं नाही. अँटेना ऐकतो, ते.

टॉवरकडे वीज आहे, उंची आहे, त्याने मोठ्याने बोलावं यात नवल काय. तुमच्या खिशातल्या फोनचा आवाज मात्र एवढासा. घरातल्या झीरोच्या बल्बपेक्षाही कितीतरी कमी ताकदीचा. तो भिंती, झाडं, टेकड्या पार करत, वाटेत विरत विरत टॉवरवर पोचतो तेव्हा त्यातलं जे उरलेलं असतं, ते आहे म्हणायचीही पंचाईत. शिवाय त्याच वेळी हजारो फोन बोलत असतात. त्यातून तो एक आवाज अँटेना उचलतो आणि हा अमक्याचा, असं ओळखलं जातं. याचं गणित मी शिकले आहे, तरुण इंजिनिअरांना शिकवलंही आहे. तरीही, ज्या दिवसाबद्दल सांगायला बसले आहे त्या दिवसानंतर मला ते गणित पुरेनासं झालं.

आमचं लहानपण बरखेड्यातल्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा नागपूरहून इथल्या मोठ्या कारखान्यात नोकरीला आले. शेजारच्या क्वार्टरमध्ये देवपुजारी राहायचे, तेही नागपूरचेच. वसंतकाका कारखान्यात फोरमन. क्रेनशिवाय हलणार नाहीत अशी यंत्रं बांधणारा माणूस. मी या धंद्यात शिरले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "शुभा, तुझ्या अँटेनाचं वजन किती गं?" एक माणूस खांद्यावर घेऊन चढू शकतो, असं मी म्हटल्यावर ते बराच वेळ हसले. त्यात कमी लेखणं नव्हतं. त्यांना खरंच मजा वाटली होती.

निवृत्तीनंतर त्यांनी शाहपुऱ्यात घर घेतलं. कुसुमकाकू, आणि वरच्या मजल्यावर मुलगी मेघना. ती शाळेत शिकवते. गेल्या काही वर्षांत काका हळूहळू विसरायला लागले. आधी नावं, मग रस्ते. डॉक्टरांनी सांगितल्यापासून काकूंनी त्यांच्या शर्टाच्या खिशात एक बटणाचा फोन ठेवायला सुरुवात केली आणि खिशाला वरून चेन शिवून घेतली. फोन घ्यायचा कसा, हे काका कधीच विसरले होते. पण खिशात असू दे, असं काकूंचं म्हणणं होतं.

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी मेघनाचा फोन आला. ती एरवी शांत बोलणारी मुलगी, तेव्हा तिला शब्द सापडत नव्हते. काका सकाळी कधीतरी फाटक उघडून निघून गेले होते. जवाहर चौकातल्या एका दुकानदाराने त्यांना भदभदाकडे जाणाऱ्या बसमध्ये चढताना पाहिलं होतं. त्यापुढे काही नाही.

"शुभाताई, रिंग जातेय," ती म्हणाली. "नुसती जातेय. बाबा उचलत नाहीयेत."

"पोलिसांत गेलात?"

"तिथूनच बोलतेय."

कोणाचा फोन कुठे आहे हे आम्ही मनात आलं म्हणून पाहू शकत नाही आणि पाहूही नये. पोलिसांनी रीतसर मागावं लागतं. ठाणेदार भला माणूस होता, त्याने लगेच मागितलं. आमच्या ऑफिसातून उत्तर गेलं ते असं: भदभदाच्या पुढे नीलबडच्या रस्त्याला एका टेकाडावर आमचा टॉवर आहे, त्याच्या पहिल्या तोंडाच्या वाट्यात फोन आहे. फोनचं उत्तर टॉवरपर्यंत पोचायला जो किंचित उशीर होतो त्यावरून अंतराचाही अंदाज निघतो. तो नकाशावर काढला की एक रुंद, वाकडा पट्टा मिळतो. फोन त्या पट्ट्यात कुठेतरी आहे.

पहिल्या तोंडासमोर मोठा तलाव आहे. पट्टा सगळा पाण्यात पडत होता.

हे मला ऑफिसातल्या मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा मी आमच्या गाडीत होते. गाडी रफीकभाई चालवत होते. वर्षानुवर्षं माझ्याबरोबर शहर फिरलेला माणूस. माझा चेहरा पाहून त्यांनी गाडी जोरात काढली.

मी मनाला समजावत होते की पाण्यात बुडालेल्या फोनची रिंग जात नाही. पाणी तो आवाज गिळून टाकतं. मग काका काठावर असतील, नाहीतर एखाद्या होडीत. पण काठ पट्ट्याच्या बाहेर होता. आणि पट्टा हा अंदाज असतो, त्यात थोडं मागे-पुढे होतं, हेही मला ठाऊक होतं.

काठावर पोचले तर होडी पाण्यात उतरलेली. दोन गोताखोर डुबक्या मारत होते. काकू एका दगडावर बसल्या होत्या आणि हातातल्या फोनवरून सारख्या नंबर लावत होत्या. डोळे पाण्याकडे नव्हतेच. मेघना त्यांच्यावर छत्री धरून उभी होती.

ठाणेदार म्हणाला, "मैडम, आपका सिस्टम तो सीधा पानी दिखा रहा है."

मी "हां" म्हटलं. दुसरं काय म्हणणार. काकूंजवळ गेले आणि सांगितलं, "काकू, सारखा लावू नका. बॅटरी संपेल. थोडं थांबून थांबून लावा."

"ते घाबरतील गं शुभा, रिंग थांबली तर," काकू म्हणाल्या.

टॉवर एकदा बघून येते, असं सांगून मी निघाले. खरं तर तिथे उभं राहवत नव्हतं. गोताखोर वर आला की सगळे त्याच्या हातांकडे पाहत आणि तो मान हलवे.

टॉवरकडे जाणारा कच्चा रस्ता टेकाडाला वळसा घालून मागच्या अंगाने वर चढतो. मागचं अंग म्हणजे केरव्याकडचं झुडपी जंगल. पाणी पाठीमागे राहतं. माझे तपासणीचे फोन गाडीत समोर लावलेलेच असतात, कोणत्या तोंडाचा आवाज किती येतोय ते दाखवत. सवयीने माझी नजर तिथे गेली. पडद्यावर पहिल्या तोंडाचा नंबर होता.

पहिल्यांदा त्यात काही विशेष वाटलं नाही. बॅटरीचा झोत पुढे पडला तरी थोडा उजेड मागे सांडतो, तसं पॅनेलचंही होतं. पण सांडलेला उजेड फिकट असतो. इथे आकडा ठणठणीत होता, समोर उभं राहिल्यावर दिसावा तसा.

"रफीकभाई, गाड़ी रोकिए."

उतरले आणि फोन हातात घेऊन जंगलाच्या दिशेने चालत गेले. नंबर बदलला नाही. उलट आणखी भरदार झाला. मग परत आले, आम्ही गाडी टेकाडाच्या पाण्याकडच्या बाजूला घेतली. तिथे दुसऱ्या तोंडाचा नंबर आला. दुसरं तोंड नकाशात जंगलाकडे होतं.

काय झालं असणार ते तेवढ्यात कळलं. त्या टॉवरवरची पॅनेल थोड्याच दिवसांपूर्वी बदलली होती. खालच्या यंत्रापासून वरच्या पॅनेलपर्यंत जाड काळ्या केबली जातात. दोन केबलींची अदलाबदल झाली होती. अशाने फोन बंद पडत नाहीत. लोक बोलत राहतात, कोणाच्या लक्षात येत नाही. फक्त यंत्र ज्याला पाणी म्हणतं ते जंगल असतं आणि ज्याला जंगल म्हणतं ते पाणी. आमच्या धंद्यात ही चूक नवी नाही, पुढच्या तपासणीत सापडली असती. पण त्या दिवशी त्या चुकीमुळे माणसं पाण्यात शोधत होती आणि काका उन्हात जंगलात कुठेतरी होते.

मी ठाणेदाराकडे धावत गेले. तोंडं, केबली, सगळं भराभरा सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याच्या डोळ्यांसमोर होडी होती.

"मैडम, अभी आपने ही कहा पानी. अब आप कह रही हो जंगल."

"तब मैं कागज़ देख के बोल रही थी. अब टॉवर देख के आई हूं."

"पक्का?"

मी त्याला गाडीत बसवलं आणि दोन्ही बाजूंना फिरवून आणलं. तो हातात फोन धरून पडद्याकडे पाहत होता, नंबर बदलताना त्याने बघितला. परत आल्यावर त्याने होडी चालू ठेवली, पण चार शिपाई आणि वनखात्याचा एक रक्षक माझ्याबरोबर दिला. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं. रक्षकाने निघतानाच सांगून टाकलं, "सूरज ढलने से पहले निकलना पड़ेगा. इधर बाघ का आना-जाना है."

जंगलाकडे वळवलेला तो पट्टा लांबलचक होता. पाच-सहा माणसांनी तो संध्याकाळपर्यंत पालथा घालणं शक्य नव्हतं. मी ऑफिसातल्या मुलाला फोन लावला आणि रिंग वाजत असताना काकांचा फोन आणखी कोणकोणते टॉवर ऐकतोय ते पाहायला सांगितलं. फोन ही यादी टॉवरला सतत कळवत असतो, बोलणं चालू नसतानाही, नुसती रिंग वाजत असली तरी. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मॅडम, एकही नाही. आपला हाच एक, तोही अगदी मंद."

त्या भागात उघड्यावर उभं राहिलं तर तीन-चार टॉवर सहज ऐकू येतात. एकही येत नाही म्हणजे माणूस खोलगटात आहे, चहूकडून मातीच्या आड. मी रक्षकाला विचारलं, इथे खड्डा, खाण, नाला काय आहे? तो म्हणाला, पट्ट्यात एकच सुका नाला येतो, आणि त्यावर जुन्या रस्त्याची पुलिया, म्हणजे छोटा पूल, आहे.

नाल्याच्या कडेने आम्ही चालायला लागलो. मी मेघनाला फोनवर धरून ठेवलं होतं. ती काकूंना सांगायची, "आई, आता लाव." मग आम्ही सगळे जागच्या जागी थांबायचो आणि ऐकायचो. वाळलेली पानं, टिटवी, लांबून एखादा ट्रक. पुन्हा चालायचं, पुन्हा "लाव", पुन्हा थांबायचं. असं किती वेळ चाललं कोण जाणे. एका शिपायाने हात वर केला. मला ऐकू येईना. मग आलं. जुन्या टेलिफोनसारखी साधी घंटी, जमिनीच्या पोटातून आल्यासारखी.

काका पुलियाच्या नळ्यात सावलीला बसले होते. बूट काढून शेजारी नीट लावून ठेवलेले. ओठ फुटले होते, कपाळावर खरचटलं होतं. मी वाकून आत पाहिलं तेव्हा खिशातली घंटी वाजतच होती. त्यांनी मला ओळखलं नाही, पण घरी आलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि त्रासून म्हणाले, "मघापासून कोणाचा तरी फोन वाजतोय. घेत का नाहीत लोक?"

मी फोनवर एवढंच म्हणू शकले, "मेघना, आहेत." मग पलीकडून, लांबून कोणीतरी होडीवाल्यांना हाका मारतंय, एवढं ऐकू आलं.

रक्षकाने त्यांना थोडं थोडं पाणी पाजलं. दोन शिपायांनी हातांची खुर्ची करून उचलून आणलं. रफीकभाईंनी गाडीची मागची सीट रिकामी केली होती. दवाखान्यात सलाईन लागलं आणि डॉक्टर म्हणाले, आणखी काही तास पाण्याविना गेले असते तर सांगता येत नव्हतं.

टॉवरवरच्या केबली दुसऱ्या दिवशी मी समोर उभी राहून सरळ करून घेतल्या. ज्यांनी त्या लावल्या होत्या ती कंत्राटदाराची माणसं होती, भर उन्हात चढून दिवसाला दोन-दोन टॉवर करणारी. त्यांना मी जे बोलले ते सौम्य नव्हतं. पण मनात एक गोष्ट राहिली, ती अजून आहे. आता तपासणीला गाडी घेऊन फिरणं कमी होत चाललंय. पडद्यावर सगळं दिसतं, असं म्हणतात. नवे अँटेना आपले आपण झोत वळवतात, आपली चूक आपण कळवतात, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण त्या टॉवरच्या मागच्या रस्त्याने त्या दिवशी मी गेले नसते तर पडद्यावर पाणीच दिसत राहिलं असतं. माझ्या जागी आलेल्या पोरापोरींना मी हे सांगते. ऐकतात. जातात की नाही, ते माहीत नाही.

काका त्यानंतर घरीच असतात. फाटकाला आता वरून कडी आहे. मी मधूनमधून जाते. ते मला बहुतेक वेळा मेघनाच्या शाळेतली बाई समजतात आणि शाळेची चौकशी करतात. मीही उत्तरं देते.

दवाखान्यातली दुसरी संध्याकाळ आठवते. काका झोपले होते. काकू पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचा हात सोडत नव्हत्या. मी जायला उठले तशा म्हणाल्या, "शुभा, एक विचारू? दिवसभर मी फोन लावला. ह्यांनी एकदाही उचलला नाही. मग तुम्हाला कळलं कसं?"

मी परत बसले. त्यांना समजेल अशा शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, "काकू, तुम्ही नंबर लावलात की टॉवर सगळीकडे हाक देतो, अमका फोन कुठे आहे म्हणून. ती हाक त्या खिशातल्या फोनला ऐकू गेली की तो लगेच म्हणतो, मी इथे आहे. कोणी उचलो न उचलो. मग घंटी वाजते. त्याचा आवाज फार बारीक असतो. काका नाल्यात, वर पुलाचं दगडकाम, मध्ये टेकडी. एवढ्या सगळ्यातून टॉवरवर काय पोचत असेल, ते मलासुद्धा सांगता येणार नाही. पण पोचलं. तुम्ही जितक्या वेळा लावलात तितक्या वेळा पोचलं."

काकूंनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी हाक मारली की दर वेळी हे ओ देत होते," त्या म्हणाल्या.

ओ फोन देत होता, काका नव्हे. तेच सांगायला तोंड उघडलं होतं, पण मग मी "हो" म्हटलं.